दहा विटांची वेळ

१० मार्च, सोमवार

आज दोन वह्या आणल्या. एक लॅबची, एक ही.

साक्षी मॅडम म्हणाल्या, "इथं काम करायचं तर रोज लिहायचं. जे झालं ते. जे व्हायला पाहिजे होतं ते नाही." आणखी एक नियम सांगितला. चुकलं तर खोडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. एक सरळ रेघ मारायची, शेजारी तारीख आणि सही. रेघेखालचं वाचता आलं पाहिजे.

मी विचारलं, "चूक वाचता कशाला यायला पाहिजे?"

"नेमकं काय चुकलं ते उद्या कळायला."

कॉलेजात हे कुणी सांगितलं नव्हतं. तिथं आम्ही मागच्या वर्षीच्या पोरांची जर्नलं उतरवायचो. उत्तर आधी, रीडिंग मागनं. सगळेच. पण जानेवारीत सरांनी भर प्रॅक्टिकलला माझंच जर्नल वर धरलं आणि म्हणाले, "हे बघा, या महाशयांनी फुटलेल्या थर्मामीटरचंसुद्धा रीडिंग घेतलंय." पोरं हसली. मी जर्नल हिसकावलं, फाडलं, पानं टेबलावर टाकली आणि जिना उतरलो. उतरलो तो उतरलोच. बीएस्सी दुसरं वर्ष, अर्धं.

आबांचं, म्हणजे वडिलांचं, शिवाजी पेठेत अंड्यांचं होलसेल दुकान आहे. ते म्हणाले, "शिकायचं न्हाई तर ट्रे उचल." उचलले. फेब्रुवारीत विद्यापीठातून फोन आला, उबवणीची अंडी पाहिजेत म्हणून. खायच्या अंड्यात जीव नसतो, त्यामुळं आबांच्या जुन्या ओळखीच्या आण्णांच्या हॅचरीतून आणून द्यावी लागतात. पोचवायला मी गेलो. दार उघडलं ती साक्षी. सूक्ष्मदर्शकात बघून बघून दोन्ही डोळ्यांभोवती गोल ठसे उमटलेले. माझं तिथंच काम तमाम.

तिसऱ्या फेरीला कळलं की त्यांचा मदतनीस सोडून गेलाय. मी म्हटलं, मी करतो. तिचे गाइड सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "तीन महिने बघू."

ती पीएचडी करते. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. कबनूरची, वडील यंत्रमागावर कामाला. या वहीत मी तिला नुसतं साक्षी लिहिणार. इथं मॅडम नको.

१३ मार्च, गुरुवार

आज खिडकी जमली.

अंडं आडवं ठेवायचं. सुईनं टोकाला भोक पाडून दोन-तीन मिली पांढरा बलक काढून घ्यायचा, म्हणजे आतला गर्भ कवचापासून खाली बसतो. मग वरच्या बाजूला चिकटपट्टी लावायची आणि बारीक कात्रीनं कवचाला खिडकी कापायची. पट्टी नसली तर कवचाचा चुरा आत पडतो. साक्षीची दहात तीन फुटतात. माझं पहिल्या दिवसापासून एकही फुटलं नाही. लहानपणापासून अंडीच हाताळलीत, बोटांना सवय आहे.

"तुझा हात फार हलका आहे रे," ती म्हणाली.

आबा म्हणतात माझा हात जड आहे. पण ते वेगळ्या अर्थानं.

अंडी आदल्या दिवशी संध्याकाळी सातला उबवणीच्या पेटीत ठेवायची असं मला वाटत होतं. तसं नाही. मधे एक पूर्ण दिवस जाऊ द्यायचा आणि परवाच्या सकाळी नऊला काढायची. अडतीस तास. तेवढ्यात पिवळ्यावर बोटाच्या पेराहून लहान एक पांढुरकी रेघ दिसते. तिच्या दोन्ही अंगांना चौकोनी ठोकळ्यांच्या जोड्या. त्यांना कायखंड म्हणतात. ते ठरलेल्या वेळानं एकेक जोडी वाढत जातात, म्हणून ते मोजले की गर्भाचं वय कळतं. मी त्यांना विटा म्हणतो. साक्षीला हसू आलं, पण दुपारपर्यंत तीही विचारायला लागली, "किती विटा?"

तिला दहा विटांची पिल्लं लागतात. नऊ चालतील, अकरा चालतील.

१९ मार्च, बुधवार

आज विचारलं, हे सगळं कशासाठी? तिनं पेन घेऊन माझ्या वहीतच काढून दाखवलं.

मेंदू आधी नुसती नळी असतो. नळीला तीन फुगवटे येतात. पुढचा, मधला, मागचा. मधल्या आणि मागच्या फुगवट्याच्या सांध्यावर एक चिंचोळी जागा आहे. तिथल्या पेशी एक प्रथिन सोडतात. नाव एफजीएफ-आठ, वाढीचा घटक. ते आजूबाजूला पाझरतं. पुढच्या बाजूच्या पेशींना ते पोचलं की त्यांचा मध्यमेंदू होतो. मागच्या बाजूच्या पेशींना पोचलं की लहान मेंदू.

"एकच औषध? मग दोन्हीकडं वेगळं कसं?"

"निरोप एकच. पण ऐकणारा आधीपासून कोण आहे, त्यावर ठरतं."

मला एकदम कळलं. मी म्हटलं, "आमचा फुटबॉलचा कोच सेंटर लाइनीवर उभा राहून 'चला रं!' म्हणून ओरडतो. फॉरवर्ड पुढं पळतात, बॅक मागं सरतात. ओरडला एकदाच."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि आपल्या वहीत लिहून घेतलं: कोच.

तिचा प्रयोग असा. या प्रथिनात भिजवलेला मोहरीहून कितीतरी बारीक मणी पुढच्या फुगवट्याच्या मागल्या भागात ठेवायचा, जिथं हा निरोप एरवी पोचत नाही. तिथल्या पेशी ऐकतात आणि तिथं आणखी एक मध्यमेंदू तयार व्हायला लागतो, तोही उलट्या तोंडाचा. हे जगात आधी झालेलं आहे. तिला बघायचंय की किती उशिरा सांगितलं तर पेशी ऐकायच्या बंद होतात. दहा विटांना ऐकतात. वीस विटांना सांगून उपयोग नाही.

"का?"

"तोवर त्यांचं त्यांनी ठरवलेलं असतं."

वेळ साधणाऱ्याला जग मिळतं, असं दिसतंय. मीही वेळ साधणार आहे.

आणखी एक गोष्ट. तिला फोन आला. त्यावर ती म्हणत होती, "व्हय, जेवलो. शनिवारी येतो. ठेवतो आता." आमच्याकडं घरात बायका असंच बोलतात. आई पण 'मी बाजारात जातो' म्हणते. पण मला मात्र साक्षी 'येते', 'जाते', 'करते' म्हणते, पुस्तकातल्यासारखं. म्हणजे माझ्याशी बोलताना ती जपून बोलते. मी तिला घरातल्या कुणासारखा वाटत नाही, निराळा वाटतो. हे प्रेमच आहे, दुसरं काय.

२७ मार्च, गुरुवार

सराव. नुसत्या खारट पाण्यात भिजवलेले मणी. बारा पिल्लं, बारा मणी. काहीही झालं नाही. काहीही व्हायला नको होतं, म्हणून ती खूश. काही न झाल्यावर खूश होणारी माणसं मी पहिल्यांदाच बघतोय.

३ एप्रिल, गुरुवार

काल मॅचमध्ये मारामारी झाली. त्यांच्या बॅकनं मला 'जर्नल' म्हणून हाक मारली. कॉलेजातली गोष्ट मैदानावर पोचली कशी देव जाणे. ऐकलं आणि हात उठला. उजव्या अंगठ्याला पट्टी.

साक्षीनं पट्टी बघितली. मग म्हणाली, "विश्वजित, हा हात लॅबचं उपकरण आहे. कुणाच्या जबड्यावर वापरायचा नाही."

एवढी काळजी कोण करतं?

दिवसभर मी डाव्या हातानं पट्ट्या लावत बसलो. ती फोनवर एका माणसाशी बोलत होती. प्रसेनजीत. पुण्याच्या कुठल्यातरी लॅबमध्ये असतो. हॉल मिळाला का, किती माणसं बसतील, मे महिन्यात उकाडा होईल, पंखे किती आहेत. पीएचडीच्या सादरीकरणाला एवढी माणसं येत असतील असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी नवा शर्ट घालणार.

८ एप्रिल, मंगळवार

प्रथिन आलं! बर्फात बुडवलेली एवढीशी कुपी, आणि तिच्या तळाला दिसेल न दिसेल इतका पांढरा थर. मागची कुपी फ्रीझर बंद पडून वाया गेली, म्हणून तिचे तीन महिने गेले. सर म्हणाले, "नऊ मेच्या सादरीकरणात निकाल नसेल तर पुढची तारीख दिवाळीनंतर." तेवढं थांबणं तिला जमणार नाही, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. कुपी एकदा पातळ केली की त्या दिवशीच वापरायची.

ठरलं. सोळा तारखेला सकाळी. म्हणजे अंडी चौदाच्या संध्याकाळी सातला ठेवायची. चौदाला जयंती, ती कबनूरला मिरवणुकीत असणार. म्हणाली, "तू एकटा ठेवशील ना? साठ अंडी. नेहमीची."

मी म्हटलं, डोळे झाकून.

१३ एप्रिल, रविवार

नेहमीची का म्हणून?

तिचा एवढा मोठा दिवस आणि हॅचरीची फिकट, एकाच साच्यातली अंडी? दुकानात रोज बघतो, जाणतं गिऱ्हाईक गावठीच मागतं. बाळंतिणीला गावठी, पैलवानाला गावठी. ताकद त्यात असते. म्हणून आज गाडी काढून शाहूवाडीला गेलो, आक्कांकडं. आक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. कोंबड्या, दोन म्हशी आणि तोंड, तिन्ही चालू असतात.

"आलास? कॉलेज बुडवून आता माझ्या कोंबड्या बुडवतोस व्हय?"

"आक्का, साठ अंडी पायजेत. कोंबड्याची."

"कोंबडा कवापास्नं अंडी द्याय लागला?"

"कोंबडा असलेल्या कोंबड्यांची!"

"मग तसं बोल की. कुणासाठी?"

मी ट्रे पुढं सरकवला. तिनं माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावला आणि भाताच्या कोंड्यात ठेवलेली अंडी काढायला लागली. चाळीस भरली. उरलेल्यांसाठी शेजारच्या तीन घरांतून आणि खुडूक बसलेल्या दोन कोंबड्यांखालून हात घालून काढली. एक कोंबडी चावली तिला.

"घे. असली कोल्हापुरात मिळणार न्हाईत. मॅडमला म्हणावं, आक्कानं दिल्यात."

मॅडम शब्द मी काढला नव्हता.

१४ एप्रिल, सोमवार

सातला सात मिनिटं असताना साठ अंडी पेटीत. तापमान, ओल, सगळं बघितलं. लॅबच्या वहीत 'स्रोत' असा रकाना असतो. मी तो आठवडाभराचा आधीच भरून ठेवला होता: हॅचरी, हॅचरी, हॅचरी. तसाच राहू दिला. निकाल आला की सांगेन आणि ती चकित होईल.

१६ एप्रिल, बुधवार

शांतपणे लिहायचं ठरवलंय.

सकाळी आठला तिनं कुपी पातळ केली आणि मणी भिजायला घातले. नऊला मी पहिली खिडकी कापली. ती भिंगावर वाकली. "किती?" मी विचारलं. ती मोजत राहिली. "बावीस."

दुसरं अंडं. नुसती रेघ, वीट एकही नाही. तिसऱ्यात हृदय धडधडतंय, लाल रेघा पसरल्यात, चार दिवसांचं तरी असेल. चौथं सहा विटा. पाचवं मेलेलं.

तिनं हातमोजे काढले आणि स्टुलावर बसली. मणी बशीत भिजत होते.

तेव्हा मला कळलं. खुडूक कोंबडीनं आधीच उबवलेली ती, आणि कोंड्यात ऊब धरून बसलेली ती. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. हॅचरीत अंडं घातल्याबरोबर थंड खोलीत जातं, सगळ्यांची घड्याळं बंद करून ठेवतात आणि आपल्या पेटीत एकदम चालू होतात. हे मला माहीत होतं. अंड्याच्या दुकानात जन्मलोय मी.

"अंडी एवढी लहान आहेत," ती म्हणाली. "हॅचरीचीच ना?"

तोंडातून आलं, "हॅचरीचीच."

तिनं सरांना फोन केला. सर मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले की थंड खोली बंद पडली असणार, त्या माणसाला मी बघतो.

मग ती उठली. म्हणाली, "सगळी उघड. एकेक मोज. दहावाली बाजूला काढ." मी साठच्या साठ खिडक्या कापल्या. पाणीसुद्धा प्यायलो नाही. साठातून नऊ मिळाली. तिनं नऊ मणी ठेवले. मणी उरले होते, तेव्हा अठरा-वीस विटांच्या सात पिल्लांनाही ठेवले. "टाकून देण्यापेक्षा. आकडे नीट लिही."

आकडे नीट लिहिले. वरचा रकाना तसाच.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी आण्णा स्वतः दुकानात आले. माणूस साठीचा, पांढरी टोपी, आवाज कधी चढत नाही. आजही चढला नाही. आबांना म्हणाले, "बाळासो, तीस वर्षं झाली आपल्याला. विद्यापीठाचा सायब म्हणतोय माझी थंड खोली बंद हुती. मी चोवीस तासांचे कागद घिऊन आलोय, बघ." आणि कागद खरंच काउंटरवर ठेवले.

आबा कागद न बघता माझ्याकडं बघायला लागले.

"काय रं? त्या दिवशी हॅचरीत गेलतास का?"

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. माझ्यावर विश्वास नसला तर ट्रे तुम्हीच उचला, असं बरंच. आणि निघून रंकाळ्यावर जाऊन बसलो.

रात्री कळलं, आण्णा जाताना एवढंच म्हणाले, "पोरगं तापट हाय. खोटं बोलायला तापट माणूस चालत न्हाई, लगेच कळतं."

१८ एप्रिल, शुक्रवार

आज सुट्टी. लॅबमध्ये ती एकटीच असणार हे माहीत होतं. एक चिठ्ठीही खिशात होती, गेल्या आठवड्यात लिहिलेली, तिच्यासाठी. ती खिशातच राहिली.

मी लॅबची वही तिच्यासमोर उघडली. 'हॅचरी'वर एक रेघ मारली. शेजारी लिहिलं: शाहूवाडी, गावठी, चार घरची, काही खुडूक कोंबडीखालची. तारीख. सही. सही वेडीवाकडी आली.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.

"गावठी का आणलीस?"

"चांगली असतात म्हणून."

ती खिडकीपाशी गेली. बाहेर मोर ओरडत होता. विद्यापीठात मोर फार. पाठमोरीच म्हणाली, "मला चांगली नको होती, विश्वजित. सारखी पाहिजे होती."

मग वळून, "आणि काल दिवसभर मी एका भल्या माणसाला नावं ठेवली. त्याची माफी मागायचा फोन मी करणार नाही."

फोन नाही केला. गाडी काढून हॅचरीवर गेलो. आण्णा पिल्लांच्या खोलीबाहेर खुर्चीवर बसले होते. सांगून टाकलं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.

"खुडूक कोंबडीखालची?"

"व्हय."

"आणि आक्काला चावली?"

"व्हय."

"कोंबडीला कळतंय, तुला न्हाई कळलं." मग टोपी परत घालत, "बस पावणं. च्या घे."

मला घरातलं पोर म्हणून ओळखणारा माणूस पावणं म्हणाला. चहा गोड होता. कप मीच विसळून ठेवला.

२१ एप्रिल, सोमवार

पिल्लं बघायचा दिवस. दहा विटांच्या नऊपैकी तीन जगली. दोघांत काही नाही. तिसऱ्यात, पुढच्या मेंदूच्या मागं, जिथं मणी ठेवला होता तिथं आणखी एक फुगवटा. भिंगाखाली मीही बघितला. गुळगुळीत, नको तिथं अगदी शहाण्यासारखा उगवलेला.

अठरा-वीसवाल्या सातांतले पाच जगले. पाचांतही काही नाही. मणी तसाच बसलेला, शेजारच्या पेशी आपापलं काम करताहेत. काही ऐकलंच नाही त्यांनी.

ती म्हणाली, "आलं." आणि नाक पुसलं.

सर म्हणाले, "एक म्हणजे काहीच नाही. पण एक आहे." पुन्हा करायला प्रथिन नाही. साक्षी म्हणाली, प्रसेनजीतच्या लॅबमध्ये थोडं आहे, तो घेऊन येईल. सरांनी माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता जा म्हणतील.

"अंडी कोण आणणार?"

"मी," मी म्हटलं. "आण्णांकडून. पावती आणतो."

"पावती नको. वही भर."

२९ एप्रिल, मंगळवार

आजचं सगळं लिहायचं आहे.

अंडी परवा संध्याकाळी सातला ठेवली. हॅचरीची, अठ्ठेचाळीस. आण्णांनी स्वतः ट्रे भरून दिले.

आज सकाळी आठला प्रसेनजीत पुण्याहून थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन आला. बुटका, चष्मा, रात्रभर एसटीत झोप नाही. डबा साक्षीच्या हातात देऊन तो थेट माझ्याकडं आला. "विश्वजित म्हणजे तुम्हीच ना? साठ खिडक्या, एकही फुटली नाही! ही फोनवर तेच सांगत होती." आणि पिशवीतून एक पाकीट काढलं. "अठरा मे. कबनूरला हॉल आहे. यायचं नक्की."

पत्रिकेवर दोन नावं होती. प्रसेनजीत आणि साक्षी.

हॉल. पंखे. दिवाळीपर्यंत थांबता न येणं. सगळं एकदम कळलं, आणि कुठल्याच गोष्टीत माझ्यापासून काही लपवलेलं नव्हतं हेही कळलं. त्याचा जास्त राग आला.

मी पत्रिका टेबलावर ठेवली आणि जिना उतरलो. मागून साक्षीनं हाक मारली. उतरत राहिलो. गाडी चालू केली. मुख्य इमारतीसमोरून गेटपर्यंत गेलो. डोक्यात जानेवारीतली पानं उडत होती.

गेटजवळ घड्याळ बघितलं. नऊला वीस मिनिटं कमी.

अठ्ठेचाळीस पिल्लं, सगळ्यांची घड्याळं सारखी, या घटकेला नऊ विटांवर, दहावी बसायच्या बेतात. माझ्यासाठी ती थांबणार नव्हती. साक्षीनं कापल्या तर दहात तीन फुटणार. मणी भिजायला पडलेले असणार. आणि संध्याकाळपर्यंत पंधरा विटा.

गाडी वळवली. गाडी वळवताना मोठा काही विचार केला असं नाही. विटा मोजत होतो.

वर आलो, हात धुतले. प्रसेनजीत कोपऱ्यातल्या स्टुलावर अवघडून बसला होता. पहिली खिडकी कापली.

"किती?" मी विचारलं.

"दहा," साक्षी म्हणाली.

दुसरी. "दहा."

तिसरी. "अकरा."

अर्धी पिल्लं तिनं लगेच घेतली, अर्धी पट्टी लावून पेटीत परत ठेवली, वीस विटांची झाल्यावर मध्यरात्री मणी ठेवायला. प्रसेनजीतनं तिघांसाठी मिसळ आणली. कट तिखट होता, त्याला सोसला नाही, डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं. माझं मिसळीवर खपून गेलं.

५ मे, सोमवार

काल पिल्लं उघडली. दहावाल्या चोवीसपैकी सतरा जिवंत, अकरांमध्ये दुसरा फुगवटा. वीसवाल्यांपैकी एकोणीस जिवंत, एकातही नाही. अंडी: हॅचरी. (खरंच.)

चिठ्ठी या वहीच्या मागच्या कव्हरात ठेवली. फाडायची नाही.

९ मे, शुक्रवार

सादरीकरण झालं. श्रोते बावीस, पंखे चार, पुरले. नवा शर्ट घातला. एका बाईंनी विचारलं, एकच संदेश पुढं आणि मागं वेगळा परिणाम कसा करतो? साक्षी म्हणाली, "आमच्या लॅबमधल्या सहकाऱ्यानं याचं फार चांगलं उदाहरण दिलंय," आणि कोचची गोष्ट सांगितली. सगळे हसले. या वेळी मला हात उचलावासा वाटला नाही.

नंतर सर म्हणाले, "जुलैत दुसऱ्या वर्षाला परत प्रवेश घे. दुपारनंतर इथं ये." मी म्हटलं, तिथले सर घेणार नाहीत. ते म्हणाले, "मी बोललोय. फक्त ते म्हणतात, जर्नल नवीन लागेल."

आबांना सांगितलं. ते ट्रे मोजत होते, मोजत राहिले. मग म्हणाले, "आक्काला कळव. ती रोज इचारत्या, अंडी आवडली का म्हणून."

१४ मे, बुधवार

आज साक्षी सुट्टीवर गेली. पेटीचं तापमान, पाण्याचा ट्रे, फ्रीझरची किल्ली, सगळं माझ्या ताब्यात दिलं. दारात चपला घालताना मागं न बघता म्हणाली, "अठराला ये रे. आक्कांना पण आण. चल, येतो मी."

'येते' नाही, 'येतो' म्हणाली.

तिला कळलंही नसेल. मी जिन्यावरचे तिचे पाय खाली पोचेपर्यंत ऐकत उभा राहिलो. मग ही वही काढली, एकोणीस मार्चचं पान उघडलं आणि 'हे प्रेमच आहे' या शेवटच्या वाक्यावर एक रेघ मारली. शेजारी आजची तारीख, सही. सही या वेळी सरळ आली.

रेघेखालचं वाचता येतंय.